माशाचा शिक्का

९ जानेवारी

पोलादाच्या व्यापाऱ्याकडून दर वर्षी ह्यांच्या नावाने डायरी येते. यंदाही आली. हे गेल्याला अडीच महिने झाले, पण व्यापाऱ्याला कुणी कळवलेलं नाही. परत पाठवावी असं मनात आलं, पण पाकिटावर काय लिहायचं ते सुचेना. म्हणून मीच लिहायला घेतली. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, त्यापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. शाईचं पेन घेतलं ही चूक झाली. लिहिलेल्या ओळीवरूनच हात सरकतो आणि करंगळीखालची बाजू निळी होते. लहानपणी यावरून रोज बोलणी खाल्ली आहेत.

आज एवढंच.

१६ जानेवारी

तंत्रशाळेचे प्राचार्य आले होते. मुलगा त्यांना घेऊन आला. शाळेच्या कार्यशाळेत काचेचं कपाट ठेवणार आहेत, त्यात ह्यांनी घडवलेल्या सुतारकामाच्या पटाश्या आणि वर ह्यांच्या नावाची पाटी. २० मार्चला उघडायचं आहे. मुलाचा चेहरा फुलला होता. हे गेल्यापासून पहिल्यांदाच.

पाटीचा मजकूर टाइप करून आणला होता. “सासऱ्यांची नजर अधू झाल्यावर हत्यारं बिघडू लागली, गिऱ्हाईक तुटलं. बुडत्या भट्टीला जावयाने तारलं.” त्याखाली माझी सही हवी आहे. ते दिवस पाहिलेलं घरातलं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

“सगळं खरं आहे ना, काकू?” प्राचार्यांनी विचारलं.

मी खरं आहे म्हटलं. फक्त “बुडत्या” हा शब्द वडिलांच्या बाबतीत बरा वाटत नाही, असं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे खोडून “अडचणीतल्या” केलं. भला माणूस आहे.

“आधी शिक्के तपासून होऊ द्या, मग सही करा,” ते म्हणाले. “आमचे एक निवृत्त शिक्षक येतील. भिंगमास्तर म्हणतात त्यांना. जरा बोलतात जास्त. मनावर घेऊ नका.”

२२ जानेवारी

मागच्या खोलीतून दोन पेट्या बाहेर काढल्या. एकीत आप्पांच्या पटाश्या, दुसरीत ह्यांच्या. आप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या घरामागे त्यांची भट्टी होती आणि हे तिथे बाविसाव्या वर्षी कामाला लागले. पुढे आमचं लग्न झालं.

आप्पांचा एक नियम होता. ज्याच्या हातची पटाशी त्याचा शिक्का. भट्टी एकच असली तरी शिक्के वेगळे. तक्रार आली तर ती ज्याची त्याच्याच पुढ्यात पडली पाहिजे, असं ते म्हणायचे. आप्पांचा शिक्का मासा. ह्यांचा तारा. तो ताऱ्याचा शिक्का आप्पांनीच ह्यांना करून दिला होता.

पटाशीच्या फक्त धारेकडच्या भागाला पाणी देतात, म्हणजे लाल तापवून विझवतात. तो भाग कडक होतो. मानेकडचं पोलाद मऊ राहतं आणि शिक्का सगळ्यात शेवटी, मूठ बसवून झाल्यावर, तिथे मारतात. लग्नाआधी ज्याचा तो मारायचा. लग्न झाल्यावर हे आप्पांना म्हणाले, “तुम्ही कशाला डोळे शिणवता? ही मारेल शिक्के.” मला किती आनंद झाला होता! तोवर भट्टीत मला पाण्याची बादली भरून ठेवण्यापुरतंच जाऊ द्यायचे. मग मी रोज पडवीत बसू लागले. हे तयार पटाश्यांचे दोन डबे आणून समोर ठेवायचे. “हा माशाचा, हा ताऱ्याचा,” एवढं सांगायचे आणि परत कामाला जायचे. शिक्के मारून झाले की तेल लावून, कागदात गुंडाळून माल बाजारात.

भट्टीतला हातोडा मला धरता येईना, तर ह्यांनी माझ्यासाठी एक लहान हातोडा घडवला. मूठ माझ्या बोटांच्या मापाने तासली. ह्यांनी मला आयुष्यात कधी दागिना केला नाही. हातोडा केला. स्वयंपाकघरातल्या खणात आहे तो अजून.

पुढे दोन वर्षांतच आप्पांची नजर गेली. तापलेल्या पोलादाचा रंग त्यांना कळेना. माशाच्या पटाश्या परत येऊ लागल्या. ताऱ्याची एकही परत आली नाही. आप्पांनी हातोडा खाली ठेवला तो कायमचा, आणि तीन महिन्यांत गेले. मग मूल झालं आणि शिक्के हे स्वतःच मारू लागले. हे सगळं पाटीवर दोन ओळींत आलं आहे. बरोबरच आहे. पाटी ती केवढी.

३० जानेवारी

भिंगमास्तर आले. सत्तरीचे असतील. गळ्यात दोरीला भिंग, जशी डॉक्टरांच्या गळ्यात ती रबरी नळी असते तसं.

“वहिनी, आधीच सांगतो, मी चहाला नाही म्हणत नाही,” म्हणत त्यांनी बूट काढले आणि थेट जमिनीवर बसकण मारली.

त्यांनी प्रत्येक पटाशीची मूठ काढायला घेतली. मला जिवावर आलं. “अहो, बसतील परत,” ते म्हणाले. “माणूस ओळखायचा तर त्याने झाकलेलं बघावं. दाखवायचं ते तर तो घासून पुसून दाखवतोच.”

मुठीच्या आत पटाशीचं निमुळतं टोक असतं. आप्पा त्या टोकाला अर्धा पीळ द्यायचे, म्हणजे मूठ सैल होत नाही. मी लहानपणी ते पाहत बसायचे. पोलाद लाल असताना चिमट्यात धरून मनगटाचा एकच झटका. ह्यांना तो कधी जमला नाही. हे हसून म्हणायचे, “झाकून जाणाऱ्या गोष्टीवर कोण मेहनत करतो!”

भिंगमास्तरांनी सगळ्या पटाश्या जमिनीवर मांडल्या आणि डोकं खाजवलं. “गंमत आहे. माशाच्या जुन्या मालाला सगळा पीळ. शेवटच्या दोन वर्षांच्या माशाला एकालाही नाही. आणि तेवढ्याच दोन वर्षांच्या ताऱ्यांना मात्र बहुतेकांना आहे.”

“कोणती कोणत्या वर्षाची हे कसं कळलं?” मी विचारलं.

“शिक्क्यावरून. परत आलेल्या मालावरचा तो निराळाच आहे, आणि काही ताऱ्यांवरचाही. घरी जाऊन नीट बघतो, मग सांगतो.” चार पटाश्या घेऊन गेले.

आप्पांना म्हातारपणी पीळ जमेनासा झाला असेल. आणि ह्यांनी तेव्हा तो शिकून घेतला असेल. मी पाहिलं नसेल.

६ फेब्रुवारी

म्हातारे सुतार काठी टेकत आले. आप्पांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. कपाटाची बातमी त्यांच्या कानावर गेली होती. पिशवीतून एक पटाशी काढून माझ्या पुढ्यात टाकली. मासा.

“घे पोरी. चव्वेचाळीस वर्षं ठेवली. रंगाच्या डब्याची झाकणं उघडायला उत्तम. लाकडाला लावू नकोस, लाकूड हसतं.”

मी म्हटलं, “तेव्हाच बदलून का नाही घेतली?”

“आणली होती की! तुझ्या बापाने नवीन दिली आणि ही फेकून दे म्हणाला. मी कसली फेकतोय? त्याच्या हातची एकुलती एक वाईट वस्तू. मला चिडवायला हवी होती ना.” त्यांनी काठी बाजूला ठेवली. “पण चिडवायचं राहिलं. त्याने आधी धारेवर कानस फिरवली. मग मूठ ठोकून काढली. आत बघितलं. बराच वेळ बघितलं. पुन्हा मूठ बसवली आणि म्हणाला, ‘शिक्का माझा आहे, म्हणजे चूक माझीच.’ त्याचा चेहरा बघून माझी थट्टा घशातच राहिली.”

“नजर अधू झाली होती त्यांची,” मी म्हटलं.

“कोण म्हणालं? महिनाभर आधी माझ्या करवतीचा एक वाकडा दात त्याने दारातून ओळखला होता.”

म्हातारपणी माणसं आठवणींची सरमिसळ करतात.

९ फेब्रुवारी

सुतारांनी आप्पांचा विषय काढल्यापासून त्यांच्या शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट सारखी आठवते आहे. चांगली आठवण आहे, म्हणून लिहून ठेवते.

ते खाटेवर होते. मला सातवा महिना होता, खाली बसलं की उठायला आधार लागायचा. मी त्यांच्या उशाशी स्टुलावर बसले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला, तळवा वर केला आणि हातोड्याने पडलेल्या घट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, “कोणता डबा कुणाचा, हे तुला कोण सांगतं ग?”

मी कौतुकाने म्हटलं, “हेच सांगतात. एकदाही चुकत नाहीत.”

ते माझ्या पोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं.” आणि भिंतीकडे वळून पडले. थोड्या वेळाने पाठमोरेच म्हणाले, “जपून राहा.”

शेवटपर्यंत त्यांना माझ्या कामाचं कौतुक होतं.

१५ फेब्रुवारी

भिंगमास्तर पुन्हा आले. आज बूट काढायच्या आधीच बोलायला लागले.

“वहिनी, सापडलं! शिक्का एका हातात उभा धरतात आणि दुसऱ्या हाताने वरून हातोडा मारतात. उजव्या हाताने मारणाऱ्याचा घाव एका बाजूला कलतो, डावखुऱ्याचा दुसऱ्या. जुन्या माशांचं डोकं खोल आणि शेपटी उथळ. या दोन वर्षांच्या माशांची शेपटी खोल. आणि त्याच दोन वर्षांचे तारेही त्याच बाजूला कललेले. दोन्ही शिक्के एकाच डावखुऱ्या माणसाने मारलेत.”

मी डावा हात पदराखाली घेतला.

“आता बघा. त्या डावखुऱ्याने मासा मारलेल्या सगळ्या पटाश्या मऊ निघाल्या, आणि एकीलाही पीळ नाही. तारा मारलेल्या सगळ्या कडक, बहुतेकींना पीळ. मी आधी म्हटलं, जावयाने पीळ शिकून घेतला असेल. पण सासरा गेल्यानंतरच्या चाळीस वर्षांत ताऱ्याच्या एकाही पटाशीला पीळ नाही. शिकलेला माणूस विसरेल का?” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “माफ करा, पण चांगला माल म्हाताऱ्याचा आणि त्यावर तारा. वाया गेलेला माल जावयाचा आणि त्यावर मासा. तो डावखुरा यात सामील होता. बाजारात असे लोक असतात. बनेल असणार लेकाचा. तुमच्याकडे तेव्हा कामाला कोण होतं, आठवतंय?”

मी चहा ठेवायला उठले. पाणी दोनदा उकळून आटलं. तिसऱ्यांदा चहा झाला.

कप त्यांना उजव्या हाताने दिला. थोडा बशीत सांडला.

१६ फेब्रुवारी

कपाट आवरलं. आवरलेलं पुन्हा आवरलं.

१८ फेब्रुवारी

बाटलीवर चिठ्ठी लावायच्या आधी आतलं तपासायचं असतं, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. म्हणून आज स्वतः तपासलं. माशाच्या पेटीतून शेपटी खोल असलेल्या पटाश्या निवडल्या. बारा निघाल्या. बाराही परत आलेल्या होत्या, आप्पांनी साठवून ठेवलेल्या. धारेवर कानस फिरवली. पोलाद कडक असेल तर कानस घसरते. बाराही ठिकाणी ती लोण्यासारखी खात गेली.

एखादी चुकून दुसऱ्या डब्यात पडू शकते. मी स्वतःला हे सकाळपासून समजावते आहे. दोन पडतील. बाराच्या बारा नाही.

मग शिक्के बघितले. ते मला भिंगाशिवाय ओळखू आले. तिसऱ्या पटाशीवरचा मासा जरा घसरला आहे. त्या दिवशी मांजर मध्ये आलं होतं आणि आम्ही दोघं किती हसलो होतो! तो हसला होता. हातात तो डबा घेऊन, माझ्यासमोर उभा राहून हसला होता.

पाणी दिल्यावर तो प्रत्येक पटाशी कानशीने तपासायचा. मला वाटायचं, किती काळजीपूर्वक काम करतो. तो निवडत होता. मऊ निघाली की सासऱ्याची. आणि शिक्के आप्पांना मारू दिले असते, तर त्यांनी आपली पटाशी हातात घेताच ओळखली असती. म्हणून मी हवी होते. मला भट्टीतलं काही कळत नव्हतं, आणि माझ्यावर आप्पांचा विश्वास होता.

हातोडा खणातून काढून बघितला. माझ्या बोटांत अजून तंतोतंत बसतो.

चव्वेचाळीस वर्षांत सांगायला त्याला एक दिवस मिळाला नाही? दवाखान्यात शेवटचे नऊ दिवस मी जवळ बसून होते. तो क्रिकेटचा स्कोर विचारत होता.

२५ फेब्रुवारी

मुलाला बोलावून सगळं सांगितलं. आधी त्याला वाटलं, मला बरं नाही. मग चिडला.

“आई, गेलेल्या माणसावर कसले आरोप करतेस?”

“गेलेले दोघेही आहेत,” मी म्हटलं.

“आप्पांना मी बघितलंही नाही. बाबांना बघितलंय. पहाटे उठून भट्टी पेटवायचे. चाळीस वर्षं काय फुकट नाव झालं त्यांचं? पुढचा सगळा माल त्यांनीच केला ना? चांगला केला ना?”

“केला. चांगला केला.”

“मग?”

“मग तो ताऱ्याच्या कप्प्यात ठेवू. मी कुठे नाही म्हणते?”

“तू गप्प बसलीस तर कुणाला कळणार आहे? तो भिंगवाला अजून कुठल्या तरी डावखुऱ्या चोराला शोधत बसलाय.”

“त्यांना मी काल फोन करून सांगितलं, ती डावखुरी कोण ते.”

तो तसाच उठून गेला. चप्पल घालताना उंबरठ्याला ठेच लागली, तरी मागे वळला नाही. चालण्याची ढब हुबेहूब बापाची. आजवर मला ती आवडायची.

६ मार्च

प्राचार्यांकडे जाऊन आले. सही करणार नाही म्हटलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. “काकू, कपाट तयार आहे, पाहुणे ठरलेत. मजकूर थोडा सौम्य करू या का?”

मी म्हटलं, सौम्य नको, बरोबर करा. मजकूर मी लिहून देते.

भिंगमास्तर तिथेच होते. बाहेर पडताना म्हणाले, “वहिनी, मी त्या डावखुऱ्याला बनेल म्हणालो होतो.”

“तुम्हाला कुठे माहीत होतं,” मी म्हटलं. मलाही नव्हतं, हे म्हणायचं राहून गेलं. म्हणून काय बदलतं? घाव माझ्याच हाताचे आहेत.

११ मार्च

चिठ्ठ्या लिहिल्या. प्रयोगशाळेतल्यासारख्या, एका बाटलीला एक. तीन कप्प्यांसाठी तीन. दोन पटकन झाल्या. तिसरी चार वेळा लिहिली. शाई पसरायची.

लिहिताना ती खाटेजवळची आठवण पुन्हा आली आणि हातातलं पेन थांबलं. आप्पांनी त्याआधीच सुतारांच्या पटाशीची मूठ काढून पाहिली होती. आत पीळ नव्हता. पटाशी आपली नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. माझ्याकडून त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की मी यात आहे की नाही. मी नाही हे कळलं, आणि ते “बरं” म्हणाले.

म्हणजे तेही मला सांगून गेले नाहीत. एकाने माझा हात वापरला आणि दुसऱ्याने मला त्याच घरात राहू दिलं. कुणावर जास्त रागवायचं ते मला ठरवता येत नाही. आप्पांवर रागवायला लागले की रडू येतं. त्याच्यावर रागवताना येत नाही.

२० मार्च

कपाट उघडलं. पाहुणे बोलले, टाळ्या झाल्या, माणसं पांगली. मुलगा येणार नाही असं वाटलं होतं. सगळे गेल्यावर आला. काचेसमोर उभा राहून त्याने तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या.

पहिल्या कप्प्यात जुने मासे. घडवणारे: आप्पा. शिक्का मारणारे: आप्पा.

मधल्या कप्प्यात त्या दोन वर्षांच्या बारा मऊ पटाश्या, पीळ असलेले तारे, आणि लहान हातोडा. “मासा असलेल्या पटाश्या जावयाने घडवल्या. तारा आणि पीळ असलेल्या सासऱ्यांनी घडवल्या. दोन्ही शिक्के मारणारी: मुलगी, या हातोड्याने.”

शेवटच्या कप्प्यात चाळीस वर्षांचे तारे. घडवणारा: जावई. शिक्का मारणारा: जावई. तिथे पटाश्या सगळ्यात जास्त आहेत. त्याही चांगल्या आहेत. ते मी खोडलेलं नाही.

“ती ‘मुलगी’वाली ओळ तरी काढ,” मुलगा म्हणाला. “तुझा काय दोष?”

“दोष लिहिलेला नाही. कुणी मारला ते लिहिलंय.”

तो परत काचेकडे वळला. मधल्या कप्प्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, “आप्पांना कळलं होतं?”

मी त्याला खाटेजवळची गोष्ट सांगितली. घट्ट्यावरून फिरवलेला अंगठा, डब्यांचा प्रश्न, “बरं”.

“कळलं होतं तर बोलले का नाहीत?” त्याचा आवाज चढला. “स्वतःचं नाव गेलं, काम गेलं. एक शब्द बोलले असते तर बाबांना त्याच दिवशी घराबाहेर काढता आलं असतं. कशासाठी गप्प बसले?”

“तू पोटात होतास,” मी म्हटलं.